मोटारीची धाव

थांबलेली मोटार सुटते, तेव्हा चालकासमोरील वेगदर्शक काट्याकडे लक्ष देऊन पाहावे. काटा शून्यावरून निघतो आणि पाहता पाहता वीस, तीस, चाळीस असे आकडे ओलांडतो. पुढे मात्र त्याची चाल मंदावते. ऐंशीवरून शंभरावर जाण्यास त्याला शून्यावरून वीसवर येण्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मोटार अशीच पळवीत नेली, तर शेवटी एक वेळ अशी येते की, चालकाने पाय कितीही दाबून धरला तरी काटा तसूभरही पुढे सरकत नाही. इंजिन गर्जत असते, इंधन जळत असते, चाके गरगरा फिरत असतात; पण वेग काही वाढत नाही. मग इंजिनाची ती सारी शक्ती जाते तरी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. मोटार धावू लागली की तिला दोन विरोधक आडवे येतात. एक तिच्या चाकांशी आणि यंत्राच्या पोटात दडलेला असतो. त्याचे नाव घर्षण. दुसरा तिच्या चोहोबाजूंस पसरलेला असतो, पण डोळ्यांना दिसत नाही; तो म्हणजे हवा. या दोघांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. पहिला आरंभापासून मोटारीच्या सोबत असतो आणि त्याचा विरोध जवळजवळ सारखाच राहतो. दुसरा आरंभी मुळीच जाणवत नाही; परंतु वेगाबरोबर त्याचे बळ इतक्या झपाट्याने वाढते की, मोटारीच्या वेगाची सीमा अखेरीस तोच ठरवतो.

जमिनीवरून ढकललेली पेटी हात काढताच थांबते. हा रोजचा अनुभव पाहून प्राचीन काळच्या विद्वानांची अशी समजूत झाली होती की, वस्तू चालती ठेवावयाची तर तिला सतत ढकलत राहिले पाहिजे. इटलीतील गॅलिलिओने या समजुतीला धक्का दिला. पुढे इंग्लंडमधील आयझॅक न्यूटन याने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे नियम स्पष्ट शब्दांत मांडले. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिला कोणते तरी बल थांबवते, असे त्याने सांगितले. पेटी थांबते ती तिच्या तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे. घर्षण नसते आणि हवाही नसती, तर एकदा ढकललेली पेटी त्याच वेगाने सरळ चालत राहिली असती.

वेग वाढण्याच्या दराला 'त्वरण' म्हणतात. एखाद्या मोटारीचा वेग दर सेकंदाला ताशी ५ किलोमीटरने वाढत असेल, तर तिच्यापेक्षा दर सेकंदाला ताशी १० किलोमीटरने वेग वाढवणाऱ्या मोटारीचे त्वरण दुप्पट आहे असे आपण म्हणतो. आता त्वरण कशावर अवलंबून असते? शाळेच्या मैदानावरील रस्सीखेच आठवून पाहा. एका बाजूने दहा मुले ओढत आहेत आणि दुसऱ्या बाजूने आठ. अशा वेळी दोर सरकतो तो दहांच्या बळाने नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या बळांत जो फरक आहे त्याने. मोटारीचेही तसेच असते. चाके तिला पुढे लोटतात. घर्षण आणि हवा तिला मागे खेचतात. पुढील बलातून मागील बल वजा करून जे उरते, तेच तिचा वेग वाढवते. शिल्लक मोठी असेल तर त्वरण मोठे, शिल्लक लहान असेल तर त्वरण लहान. आणि शिल्लक मुळीच उरली नाही, तर वेग आहे तेवढाच राहतो.

प्रथम घर्षणाची ओळख करून घेऊ. बैलगाडीच्या आसाला वेळेवर वंगण घातले नाही, तर चाके कुरकुरू लागतात आणि बैलांना तेच ओझे ओढणे जड जाते. आस व चाक एकमेकांवर घासतात, हे त्याचे कारण. वरून गुळगुळीत दिसणारा लोखंडाचा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर तो डोंगरदऱ्यांनी भरलेला दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले म्हणजे त्यांची उंच टोके परस्परांना चिकटतात, अडकतात आणि सरकण्यास विरोध करतात. फ्रान्समधील गीयोम आमोंतों या शास्त्रज्ञाने १६९९ साली असे दाखवून दिले की, हा विरोध पृष्ठभागांवरील भाराच्या प्रमाणात वाढतो. भार दुप्पट केला की घर्षणही दुप्पट होते.

मोटारीत घर्षणाला जागा पुष्कळ आहेत. इंजिनातील दट्ट्या, दातेरी चक्रे, चाकांचे आस, हे सर्व एकमेकांवर घासत असतात. तेथे तेल व वंगण घालून आणि पोलादी छऱ्यांची बेअरिंगे बसवून घर्षण पुष्कळ कमी करता येते. यांखेरीज आणखी एक विरोध चाक आणि रस्ता यांच्यामध्ये असतो. रबरी टायर रस्त्याला जेथे टेकतो तेथे तो भाराने किंचित चपटा होतो, आणि चाक पुढे फिरताच तो भाग पुन्हा गोल होतो. दर फेरीला टायरचा प्रत्येक भाग असा दबतो आणि सुटतो. त्यात थोडी शक्ती खर्च होते व तिची उष्णता बनते. लांबचा प्रवास करून आलेल्या मोटारीच्या टायरला हात लावून पाहिल्यास तो गरम लागतो, तो यामुळेच. टायरात हवा कमी असेल तर तो अधिक चपटा होतो आणि खर्चही वाढतो. सायकलच्या चाकात हवा कमी झाली की पाय का भरून येतात, हे आता तुमच्या ध्यानी येईल.

तरीसुद्धा चाकाचे उपकार विसरून चालणार नाही. १२०० किलोग्रॅमची मोटार सपाट व टणक रस्त्यावर फिरत्या चाकांनी पुढे नेण्यास साधारणतः १५० न्यूटनांचे बल पुरते. एक न्यूटन म्हणजे सुमारे शंभर ग्रॅमची वस्तू तळहातावर तोलून धरण्यास लागणारा जोर. म्हणजे १५० न्यूटन हा जोर पंधरा किलोग्रॅमचे गाठोडे उचलून धरण्याएवढाच झाला. म्हणूनच वाटेत बंद पडलेली मोटार दोघे-तिघे माणसे सहज ढकलत नेऊ शकतात. तीच मोटार चाके काढून ओढावयाची म्हटली, तर सारे गाव गोळा करावे लागेल! मोटार हळू धावो अथवा वेगाने, चाकांशी होणारा हा विरोध फारसा बदलत नाही.

दुसऱ्या विरोधकाची गोष्ट निराळी. हवा आपल्याला हलकी वाटते. परंतु एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या जागेतील हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. मोटारीला पुढे जावयाचे तर वाटेतील हवा बाजूला सारूनच जावे लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर तोडते. तिचा समोरचा भाग दोन चौरस मीटरांहून थोडा मोठा असतो. हिशेब केला, तर असे दिसून येते की, ती दर सेकंदाला सुमारे ७० किलोग्रॅम हवेतून वाट काढते. सत्तर किलोग्रॅम म्हणजे एका प्रौढ माणसाचे वजन! वाटेत दर सेकंदाला एक माणूस उभा आहे आणि मोटारीला त्याला बाजूला सारून पुढे जावयाचे आहे, अशी कल्पना केली म्हणजे हवेच्या रोधाचे स्वरूप समजू लागते.

आता मोटारीचा वेग दुप्पट झाला, तर हवेचा रोध किती होईल? दुप्पट, असे उत्तर चटकन तोंडी येते. पण ते बरोबर नाही. वेग दुप्पट झाला म्हणजे एका सेकंदात वाटेत येणारी हवा दुप्पट झाली. शिवाय त्या हवेला पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने बाजूला सारावे लागणार. दुपटीची दुप्पट म्हणजे चौपट. याच रीतीने वेग तिप्पट झाला, तर रोध नऊपट होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असा याचा नियम आहे. आपल्या उदाहरणातील मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिला हवेचा रोध सुमारे ८० न्यूटन होतो. ताशी १०० किलोमीटरला तो ३२० न्यूटन होतो आणि ताशी १५० किलोमीटरला ७२० न्यूटनांवर जातो. याचा अर्थ असा की, गावातील मंद वेगात चाकांचे घर्षण हवेपेक्षा बलवान असते. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास दोघे समबल होतात. तेथून पुढे हवा वरचढ ठरते, ती कायमचीच.

हवा केवळ पुढूनच अडवते असेही नाही. धुळीच्या रस्त्यावरून एसटीची गाडी भरधाव निघून गेली की धूळ, पाचोळा आणि कागदाचे कपटे तिच्या मागोमाग धावताना आपण पाहतो. गाडीने दूर सारलेली हवा तिच्या पाठीमागे लगेच नीट मिटून येत नाही. तेथे हवेचा दाब कमी होतो, भोवरे उठतात. पुढच्या बाजूला दाब अधिक आणि मागच्या बाजूला कमी, अशी स्थिती झाली म्हणजे गाडी जणू मागे ओढली जाते. पाचोळ्याचे ते गमतीदार नृत्य पाहताना आपल्याला मौज वाटते. पण त्या नृत्याचा खर्च गाडीच्या इंधनातून होत असतो.

आता दोन्ही विरोधकांना एकत्र करून आपल्या मोटारीचा हिशेब मांडू. सुटताना तिची चाके तिला ३१५० न्यूटनांनी पुढे लोटतात असे समजा. हवेचा रोध अद्याप नाही. केवळ चाकांचा १५० न्यूटनांचा विरोध आहे. शिल्लक ३००० न्यूटन. एवढ्या बलाने तिचा वेग दर सेकंदाला ताशी ९ किलोमीटरने वाढतो. इंजिनाच्या शक्तीला मर्यादा असते. म्हणून वेग वाढेल तसा चाकांचा लोटही कमी होत जातो. चढावर सायकलचे गिअर बदलताना वेग आणि जोर यांचा हा व्यवहार तुम्ही अनुभवला असेल: जोर हवा तर वेग सोडावा लागतो, वेग हवा तर जोर. ताशी ५० किलोमीटरला हा लोट सुमारे २६०० न्यूटन उरतो. विरोध मात्र २३० न्यूटन झालेला असतो. आता वेग सेकंदाला ताशी सुमारे ७ किलोमीटरने वाढतो. ताशी १०० किलोमीटरला लोट १३०० आणि विरोध ४७० न्यूटन. त्वरण सेकंदाला ताशी अडीच किलोमीटरवर येते. शेवटी ताशी १५० किलोमीटरला लोट ८७० न्यूटन आणि विरोधही ८७० न्यूटन! रस्सीखेचीतील दोन्ही बाजू समबल झाल्या. शिल्लक शून्य, म्हणून त्वरणही शून्य. हीच त्या मोटारीच्या वेगाची परमसीमा होय. हवा व घर्षण नसते, तर तिचा वेग संथपणे का होईना, पण वाढतच राहिला असता.

इंजिन अतिशय बलवान असले तर ही सीमा दूर जाते. पण नाहीशी होत नाही. २००५ साली विक्रीस आलेली बुगाती कंपनीची 'व्हेरॉन' ही मोटार सुमारे एक हजार अश्वशक्तीची होती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास तिला केवळ २.५ सेकंद लागत. शंभरावरून दोनशेवर जाण्यास ४.८ सेकंद आणि दोनशेवरून तीनशेवर जाण्यास ९.४ सेकंद लागत. प्रत्येक नवे शतक आधीच्या शतकाच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेई. ताशी ४०७ किलोमीटरच्या सुमारास तिचीही धाव खुंटली. साध्या मोटारीचे इंजिन जेवढे काम करते, त्याच्या दहा-पंधरा पटींनी काम करणारे इंजिन बसवूनही वेग दहापट झाला नाही, तिपटीपर्यंतही तो पोहोचला नाही. कारण उघड आहे. वेग दुप्पट करावयाचा तर हवेचा रोध चौपट होतो, आणि तो चौपट रोध दुप्पट वेगाने ढकलावयाचा म्हणून शक्ती आठपट लागते.

हवेशी नुसती झुंज देण्यापेक्षा तिला सहज बाजूने जाऊ द्यावे, हा विचार मोटारींच्या बाल्यावस्थेतच काही कल्पक माणसांना सुचला. १८९८ सालच्या डिसेंबरात मोटारीच्या वेगाचा उच्चांक ताशी सुमारे ६३ किलोमीटर होता. पुढच्या चार महिन्यांत बेल्जियमच्या कामीय जेनात्सी याने त्यावर मात केली. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे त्याने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. मोटारीने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडल्याचा तो पहिला प्रसंग. त्याच्या मोटारीचे नाव होते 'कधीही संतुष्ट न होणारी'. ती विजेवर चालत असे, आणि तिचे अंग पाणतीरासारखे दोन्ही टोकांना निमुळते होते. गंमत अशी की, मोटारीला एवढा सुबक आकार देऊनही चालक मात्र कमरेपासून वर हवेत उघडाच बसलेला असे. चाके आणि खालचा सांगाडाही उघडाच होता. त्यामुळे त्या निमुळत्या आकाराचा पुरता लाभ मिळाला नाही. तथापि दिशा अचूक होती.

पुढे १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात एडमुंड रुम्प्लर याने एक विलक्षण मोटार मांडली. रुम्प्लर हा मूळचा विमाने बनवणारा. वरून पाहता त्याची मोटार पाण्याच्या थेंबासारखी दिसे. पुढे गोलसर आणि मागे निमुळती. म्हणून तिला 'थेंबगाडी' असे नाव मिळाले. लोकांनी ती नवलाने पाहिली. परंतु विकत घेणारे थोडेच निघाले. जेमतेम शंभर गाड्या तयार झाल्या. आकारामुळे हवेचा किती रोध होतो हे शास्त्रज्ञ एका अंकाने सांगतात. अंक जितका लहान, तितकी हवा सहज वाट देते. हवेला आडव्या धरलेल्या सपाट फळीचा हा अंक एकाहून थोडा अधिक असतो. जवळजवळ साठ वर्षांनी, १९७९ साली, एक जुनी थेंबगाडी वायुबोगद्यात ठेवून तिच्यावर जोराचा वारा सोडण्यात आला आणि तिचे मोजमाप करण्यात आले. तेव्हा तिचा अंक ०.२८ निघाला! तिच्या काळातील पेटीसारख्या चौकोनी मोटारींचा अंक याच्या दुपटीहून अधिक असे. जे लोकांना नुसते विचित्र वाटले होते, ते शास्त्राच्या कसोटीला उतरले.

निसर्गाने मात्र हे रहस्य फार पूर्वीच ओळखले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारा बांगडा किंवा सुरमई पाहा. पुढचा भाग भरदार आणि शेपटीकडे हळूहळू निमुळते होत गेलेले अंग. पाणी त्याच्या कडेने अलगद वाहत जाऊन मागे पुन्हा मिळते. भोवरे फारसे उठतच नाहीत. पुढचे टोक धारदार करण्याने जेवढे साधत नाही, तेवढे मागील बाजू हळूहळू निमुळती करण्याने साधते. मोटारीच्या टपावर बांधलेले गाठोडे हवेचा रोध वाढवते व त्याबरोबर इंधनाचा खर्चही. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने तेच अंतर तोडले, तर हवेला सारण्याचे काम दीडपटीहून थोडे अधिक होते. घाईची किंमत ही अशी मोजावी लागते.

हे दोन विरोध मोजावयाचे कसे? त्याची एक साधी युक्ती आहे. मोटार वेगात आणून तिचे इंजिन चाकांपासून सोडवतात आणि ती आपोआप कशी मंदावत जाते, याची सेकंदागणिक नोंद घेतात. अधिक वेग असता ती झपाट्याने मंदावते, तो हवेचा प्रभाव. अगदी हळू चालताना जे मंदावणे उरते, ते बहुतांशी चाकांच्या घर्षणाचे. वाहनांच्या अशा शास्त्रीय परीक्षणासाठी पुण्यात १९६६ साली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. हीच युक्ती तुम्ही सपाट व निर्धोक मैदानावर सायकलवर करून पाहू शकता. एका खुणेपाशी पायडल मारणे थांबवावे आणि सायकल किती दूर जाते ते मोजावे. मग चाकांत हवा भरून तोच प्रयोग पुन्हा करावा.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, घर्षण हा मोटारीचा निव्वळ वैरी आहे आणि तो समूळ नाहीसा झाला तर फार बरे होईल. पण क्षणभर विचार करा. चिखलात रुतलेल्या गाडीची चाके जागच्या जागी गरगर फिरतात, चिखल उडवतात आणि गाडी मात्र तिळभरही हलत नाही. इंजिन तेच, शक्तीही तीच. मग उणे काय पडले? उणे पडले ते घर्षण. चाक रस्त्याला मागे रेटते, आणि रस्ता चाकाला पुढे लोटतो. ही देवाणघेवाण टायर आणि रस्ता यांच्या पकडीमुळेच शक्य होते. आपण चालतो तेही असेच. शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरतो, तेव्हा घर्षणाचे महत्त्व आपल्याला क्षणार्धात पटते! मोटारीचे त्वरण कितीही बलवान इंजिनाने वाढवू म्हटले, तरी टायरची पकड जेवढे देईल त्याहून अधिक ते होऊ शकत नाही.

आणि थांबावयाचे असते, तेव्हा तर घर्षण हाच जीवनाचा रक्षक होय. ब्रेक दाबला म्हणजे चाके आवळली जातात, परंतु मोटार थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षणाने. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते. तोच रस्ता ओला असला, तर तिला सुमारे ३५ मीटर लागू शकतात. मृगाच्या पहिल्या सरी कोसळतात, तेव्हा रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. घाटातून जाणारे अनुभवी चालक अशा दिवसांत विशेष जपून गाडी चालवतात. टायरवरील खाचा या शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्यांतून बाहेर निघून जाते आणि रबराला रस्ता धरता येतो. खाचा झिजून गेलेला टायर वापरणे म्हणजे आपला व इतरांचा जीव धोक्यात घालणे होय.

यातही वेगाच्या वर्गाचा नियम लागू पडतो. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला जेथे २० मीटर पुरतात, तेथे ताशी १२० किलोमीटरला ८० मीटर लागतात. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात मोटार पुढे धावतच असते. ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात ती सुमारे १७ मीटर जाते. रस्ता ओलांडताना 'गाडी अजून लांब आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा हे आकडे ध्यानी ठेवले पाहिजेत. चालकाची इच्छा कितीही चांगली असली, तरी गाडी घर्षणाच्या नियमानेच थांबते.

शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्यांनी हवेलाही कामास लावले आहे. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात. या मोटारींना तसेच पंख उलटे बसवलेले असतात. त्यामुळे वेगात असताना हवा मोटारीला खाली दाबते, टायरची पकड घट्ट होते आणि वळणावर मोटार घसरत नाही. विरोधकाकडून अशी मदत घ्यावयाची तर त्याचे मोल द्यावेच लागते. पंखांमुळे हवेचा रोध थोडा वाढतो. वेग किती सोडावयाचा आणि पकड किती मिळवावयाची, याचा तोल साधण्यातच त्या कारागिरांचे कौशल्य पणास लागते.

इंजिन पेट्रोलचे असो अथवा विजेचे, मोटार जुनी असो अथवा नवी, या दोन बलांतून कोणाचीही सुटका नाही. बेअरिंगमधील घर्षण कमी करावयाचे आणि ब्रेकमधील घर्षण जपावयाचे. पाठीमागचे भोवरे टाळावयाचे आणि वळणावर हवेचा दाब घ्यावयाचा, हीच मोटार बनवणाऱ्याची विद्या होय. निसर्गाचे नियम मोडता येत नाहीत. परंतु जो ते नीट जाणून घेतो, त्याला ते पुष्कळ साहाय्य करतात. पुढच्या वेळी मोटारीत बसाल, तेव्हा खिडकीबाहेरच्या वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर कसा वाढत जातो, तो अवश्य ऐका. मोटार आपल्या वाटेतील हवा बाजूला सारीत असल्याची ती खूण आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) त्वरण म्हणजे काय?
(आ) लांबच्या प्रवासानंतर टायर गरम का लागतो?
(इ) रुम्प्लरच्या मोटारीला 'थेंबगाडी' असे नाव का मिळाले?

२. पुढील प्रश्नांची पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) मोटारीच्या वेगाला परमसीमा का असते, ते रस्सीखेचीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) वेग दुप्पट झाला असता हवेचा रोध चौपट का होतो?
(इ) 'घर्षण हा मोटारीचा वैरीही आहे आणि रक्षकही.' या विधानाची सत्यता पाठाच्या आधारे पटवून द्या.

३. कारणे द्या.
(अ) बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात.
(आ) टायरवर खाचा असतात.
(इ) भरधाव गाडीमागे पाचोळा धावतो.

४. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
तसूभरही न सरकणे, वरचढ ठरणे, कसोटीला उतरणे, कौशल्य पणास लागणे, जीव धोक्यात घालणे.

५. कागदाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक पसरट ठेवा आणि दुसऱ्याचा घट्ट बोळा करा. दोन्ही एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडा. काय दिसते आणि तसे का होते, ते वर्गात सांगा.